माल ‘पडून’ राहत नाही

२३ सप्टेंबर २०२१ रोजी, गुरुवारी, बंगळूरूच्या चामराजपेट भागातील न्यू तरगुपेट येथे एका मालवाहतूकदाराच्या गोदामात स्फोट झाला. दोघे जागीच ठार झाले आणि इतर काही जण जखमी झाले. मृतांपैकी एकाचा गोदामातील मालाशी काही संबंध नव्हता. त्याचे पंक्चर काढण्याचे दुकान शेजारी होते, एवढेच त्याचे त्या मालाशी नाते. सुरुवातीला गॅस सिलिंडर, शॉर्ट सर्किट, कॉम्प्रेसर अशी कारणे चर्चेत आली. पोलिसांनी ती बाजूला सारली आणि पुढे पोहोचवण्यासाठी गोदामात ठेवलेल्या फटाक्यांच्या खोक्यांकडे बोट दाखवले.

अशा प्रत्येक घटनेनंतर मराठीत एक वाक्य हमखास लिहिले जाते: ‘तो माल तेथे पडून होता.’ या वाक्याचे व्याकरण तपासण्यासारखे आहे. त्यात कर्ता माल आहे. मालच आला, मालच पडला, मालच राहिला आणि अखेर मालच फुटला. कोणी तो उतरवून घेतला, कोणी पावती फाडली, कुलूप कोणाचे आणि भाडे कोणाच्या खात्यात जमा होत होते, यांपैकी एकाही माणसाला त्या वाक्यात जागा नाही. धोकादायक मालाच्या साठवणुकीबाबत या देशात जी बेजबाबदारी चालते, तिची सुरुवात या क्रियापदापासून होते. वस्तुमान असलेली कोणतीही वस्तू कुठे तरी असते, आणि ती जागा कोणाच्या तरी ताब्यात असते. ज्याला ‘बेवारस माल’ म्हणतात, त्याचा वारस सापडत नसेल. पण त्याचा ताबेदार रोज संध्याकाळी कुलूप लावून घरी जात असतो.

बंगळूरूला समुद्र नाही, तरीही चामराजपेट–तरगुपेटचा हा घाऊक बाजार म्हणजे एक छोटे बंदरच आहे. एका वाहनातून माल उतरतो, दुसऱ्या वाहनाची वाट पाहतो, आणि या दोहोंच्या मधल्या काळात तो ना पाठवणाऱ्याचा असतो ना घेणाऱ्याचा. (याच जुन्या पेठांच्या परिसरात तारामंडलपेट नावाची वस्ती आहे. टिपूच्या अग्निबाणांच्या कारखान्याशी तिचे नाव जोडले जाते. दारूगोळा आणि दाट वस्ती यांचा शेजार तिथे नवा नाही.) दोन वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, बंगळूरूच्याच वेशीवर अत्तिबेले येथे फटाक्यांच्या गोदामापाशी माल उतरवला जात असताना आग लागली आणि चौदाहून अधिक माणसे मेली. कारखान्याला परवाना लागतो, विक्रेत्याला परवाना लागतो, वाहनाला परवाना लागतो. मात्र मधल्या ‘थांबण्याला’ कायद्याच्या डोळ्यांत जितकी जागा असायला हवी, तितकी ती व्यवहारात कधीच नसते. पेठेतल्या गोदामाला जे लागू आहे, ते खऱ्या बंदराला हजारपटीने लागू आहे.

शिवडीचे उदाहरण घ्यावे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हाजी बंदर येथील धोकादायक मालाच्या गोदामाच्या आवारात १४ जुलै २०१० रोजी क्लोरीनची गळती झाली. १२० हून अधिक लोक बाधित झाले. त्यांत विद्यार्थी होते, कामगार होते, पोर्ट ट्रस्टचे अधिकारी होते आणि मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. आवारात सुमारे १४० सिलिंडर होते, प्रत्येक साधारण ६५० किलोंचा, आणि त्यांपैकी पाच-सहा गळत होते. ते तिथे १९९७ पासून होते.

१९९७ ते २०१०. म्हणजे मुंबईचे तेरा पावसाळे, खारा वारा आणि उघड्यावरचे लोखंड. त्या आवारात या काळात किती अधिकारी बदलून गेले असतील, किती वेळा साठ्याची मोजदाद झाली असेल आणि दर खेपेला ‘क्लोरीन सिलिंडर’ ही नोंद एका वहीतून दुसऱ्या वहीत किती निष्ठेने उतरवली गेली असेल, याचा अंदाज ज्याने सरकारी नोंदवही पाहिली आहे त्याला सहज बांधता येईल.

इथे पदार्थविज्ञानाचा विचार करणे भाग आहे, कारण ‘गळती होईल हे कोणाला ठाऊक होते?’ हा बचाव नेहमीच तयार असतो. क्लोरीन सिलिंडरात द्रवरूपात भरतात. सामान्य दाबाला तो उणे ३४ अंश सेल्सिअसला उकळतो. म्हणजे मुंबईच्या हवेत तो द्रव राहतो तो केवळ सिलिंडराच्या भिंतींच्या जोरावर. ३० अंश तापमानाला आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या नऊपटीच्या आसपास असतो. कोरडा क्लोरीन पोलादाला फारसा त्रास देत नाही, म्हणूनच तो पोलादी सिलिंडरात भरता येतो. पण झडपेतून किंवा गंजलेल्या भिंतीतून सुईच्या टोकाएवढी जरी वाट मिळाली, तरी बाहेर पडणारा वायू हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायपोक्लोरस आम्ल तयार करतो. ही आम्ले नेमके त्याच छिद्राच्या कडांवरचे लोखंड खातात. छिद्र मोठे होते, गळती वाढते, आम्ल वाढते, आणि छिद्र आणखी मोठे होते. ही गळती स्वतःच स्वतःला पोसते. तिला थांबवायचे असेल तर ती सुरू होण्याआधीच थांबवावी लागते. म्हणूनच गळत्या छिद्रावर पाण्याचा फवारा मारू नये, हे क्लोरीन हाताळणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात.

आता परिमाण पाहू. एक किलो द्रव क्लोरीनपासून सुमारे एक तृतीयांश घनमीटर वायू होतो. हवेत दहा लाख भागांत दहा भाग क्लोरीन असेल, तर ती हवा जीविताला तत्काळ घातक मानली जाते. या हिशेबाने एक किलो क्लोरीन सुमारे ३४,००० घनमीटर हवा घातक करू शकतो. म्हणजे शंभर मीटर लांब आणि शंभर मीटर रुंद मैदान, माणसाच्या उंचीच्या जवळपास दुपटीपर्यंत. शिवाय क्लोरीन हवेच्या अडीचपट जड असल्याने वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि सखल जागी साचतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये ईप्र येथे जर्मन सैन्याने तो युद्धात वापरला तो याच गुणामुळे, खंदकांत उतरावा म्हणून. तो एका किलोचा हिशेब झाला. शिवडीच्या आवारात १४० सिलिंडर होते.

या सगळ्यात अज्ञात असे काही नव्हते. गंजण्याचा वेग मोजता येतो, सिलिंडराच्या भिंतीची जाडी मोजता येते, दाबचाचणीची मुदत नियमांत ठरलेली असते. तेव्हा ‘अपघात’ हा शब्द इथे वापरणे म्हणजे घड्याळाचे बारा वाजले याला अपघात म्हणण्यासारखे आहे.

अमोनियम नायट्रेटबद्दल तर बैरूतनंतर सगळ्यांना सगळे कळले असे मानले जाते. ४ ऑगस्ट २०२० रोजी तिथल्या बंदरातील बाराव्या क्रमांकाच्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक लोक मेले आणि हजारो जखमी झाले. माल ‘ऱ्होसस’ नावाच्या जहाजातून २०१३ च्या नोव्हेंबरात आला होता. तो जॉर्जियातून मोझांबिककडे चालला होता. जहाज सोडून दिले गेले, माल २०१४ मध्ये गोदामात उतरवण्यात आला. त्यानंतर तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी २०१७ पर्यंत न्यायालयाला किमान सहा पत्रे लिहिली: माल परत पाठवावा, सैन्याला द्यावा किंवा विकावा. इथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हणायला हवी. या पत्रांचा उल्लेख बहुधा त्या अधिकाऱ्यांच्या बाजूने केला जातो: बिचाऱ्यांनी कळवले होते. पण जो धोका ओळखतो, लिहून ठेवतो आणि सहा वेळा पत्र पाठवूनही मालाचे कुलूप आहे तिथेच ठेवतो, त्याने जबाबदारी पार पाडली असे म्हणायचे, की तिची पोच घेतली असे म्हणायचे? पत्राची जावक नोंद हे भारतीय उपखंडातलेही अत्यंत लोकप्रिय कवच आहे.

आणि ते कवच पाहायला बैरूतला जाण्याची गरज नव्हती. त्याच वेळी चेन्नईजवळ मनली येथील एका कंटेनर गोदामात ३७ कंटेनरांमध्ये ६९७ टन अमोनियम नायट्रेट होते. सीमाशुल्क विभागाने ते २०१५ मध्ये जप्त केले होते. त्या वर्षीच्या महापुरात त्यातला काही भाग खराबही झाला. पाच वर्षे तो माल हलला नाही. बैरूत घडले, वर्तमानपत्रांनी मनलीचे छायाचित्र छापले, आणि आठवड्याभरात कंटेनर हैदराबादच्या रस्त्याला लागले. त्या आठवड्यात कायदा बदलला नव्हता, रसायनशास्त्र बदलले नव्हते, न्यायालयात कोणता चमत्कारही झाला नव्हता. बदलली होती ती एकच गोष्ट: आता स्फोट झाला असता तर कोणाचे नाव छापून येईल, हे ठरून गेले होते. कर्ता सापडला आणि क्रियापद हलले.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या ६९७ टनांबाबत आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. शुद्ध अमोनियम नायट्रेट सहजासहजी पेटत नाही, हे खरे आहे आणि ‘माल सुरक्षित आहे’ असे सांगताना याच सत्याचा आधार घेतला जातो. परंतु त्याच्या स्फटिकांची रचना ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास बदलते आणि त्यासरशी घनफळ साडेतीन टक्क्यांहून थोडे अधिक वाढते. चेन्नईच्या उन्हात ठेवलेला बंद कंटेनर वर्षातले किती दिवस ३२ अंशांच्या वर जातो आणि रात्री खाली येतो? दर फेरीत दाणे फुगतात, आक्रसतात, तडकतात आणि त्यांचा भुगा होतो. तो ओलावा शोषून घट्ट ढेकळे बनवतो; भुगा झालेल्या पदार्थात तेल, भुसा, गंज असे परके द्रव्य मिसळले तर त्याची संवेदनशीलता वाढते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी जप्त केलेला पदार्थ आणि आज कंटेनरात असलेला पदार्थ यांचे रासायनिक सूत्र एकच असले, तरी धोक्याच्या दृष्टीने ते एकच नव्हेत. कागदावर मात्र नोंद तीच राहते. फटाक्यांच्या मिश्रणातही ॲल्युमिनियमची पूड आणि नायट्रेट यांच्यात ओलावा शिरला की उष्णता निर्माण करणारी प्रक्रिया सुरू होऊ शकते. ती रोखण्यासाठी कारखान्यात बोरिक आम्ल घालतात. धोकादायक मालाला वय असते, आणि आपल्या साठा-नोंदवहीत वयाचा रकानाच नसतो, हा मुद्दा आहे.

‘कायदा अपुरा आहे’ हे विधान अशा वेळी फार सोयीचे ठरते, कारण मग दोष संसदेचा होतो आणि संसद कोणत्याही गोदामात कामाला जात नाही. वस्तुतः कायदा इतका अपुरा नाही. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ चे कलम ४५ सांगते की उतरवलेला आयात माल, तो सोडवून नेईपर्यंत, सीमाशुल्क आयुक्ताने मान्य केलेल्या अभिरक्षकाच्या ताब्यात राहील. म्हणजे ताबेदार कोण, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे. कलम ४८ नुसार तीस दिवसांत माल सोडवला गेला नाही, तर आयातदाराला नोटीस देऊन आणि अधिकाऱ्याची परवानगी घेऊन तो विकता येतो. आणि याच कलमाच्या परंतुकात म्हटले आहे की प्राणी, नाशवंत माल आणि धोकादायक माल परवानगीने केव्हाही विकता येईल. केव्हाही! तीस दिवस थांबण्याचेही कारण नाही. जप्त मालासाठी कलम ११० मध्ये वेगळी सोय आहे: सरकार ठरवील अशा धोकादायक मालाची यादी करावी, दंडाधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यावी, छायाचित्रे आणि नमुने ठेवावेत आणि खटला संपण्याची वाट न पाहता माल निकालात काढावा. २००९ च्या नियमावलीने तर अभिरक्षकावर नव्वद दिवसांची मुदतही घातली. हाजी बंदरातली गळती त्यानंतर वर्षभराने झाली.

मग अडते कुठे? अडते ‘विकता येईल’ या रूपात. मराठीत हा शक्यार्थक प्रयोग आहे. त्यात सामर्थ्य आहे, कर्तव्य नाही. अभिरक्षक म्हणतो, परवानगी सीमाशुल्काची हवी. सीमाशुल्क म्हणते, माल त्यांच्या ताब्यात आहे. आयातदार अधिनियमाच्याच कलम २३ चा आधार घेऊन मालावरचा हक्क सोडू शकतो आणि शुल्कातून मोकळा होतो; हक्क सोडण्याची ही सोय कापडाच्या गाठीला आणि क्लोरीनच्या सिलिंडराला सारखीच उपलब्ध असावी, यातच मोठी गफलत आहे. नव्वद दिवसांची मुदत चपलांच्या खोक्यालाही तीच आणि विषारी वायूलाही तीच, आणि पुरेसे कारण दाखवले की ती वाढवून मिळते. त्या वाढीव मुदतीत काय झाले तर कोणाच्या नावावर, हे कुठेच लिहिलेले नाही.

मुंबईला हा धडा फार पूर्वी, फार महागात मिळालेला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, आणि त्याच जहाजात कराचीहून चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. जहाज १२ तारखेला गोदीत लागले होते. १४ तारखेच्या दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला तेव्हा स्फोटकांचा बहुतांश साठा अजून जहाजातच होता. धूर दिसल्यापासून पहिल्या स्फोटापर्यंत, म्हणजे चार वाजून सहा मिनिटांपर्यंत, तब्बल दोन तास होते. या दोन तासांत धक्क्यावर कप्तान होता, अग्निशमन दलाचे प्रमुख होते, दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अधिकारी होता, गोदीचे व्यवस्थापक होते. एकाचे म्हणणे जहाज जागीच बुडवावे, दुसऱ्याचे ते ओढून समुद्रात न्यावे, तिसऱ्याचे पाण्याचा मारा चालू ठेवावा. प्रत्येकाला मत होते. निर्णय अमलात आणण्याचा निर्विवाद अधिकार कोणालाच नव्हता. पाणी ओतत राहिले. अग्निशमन दलाचे ६६ जण त्या दिवशी गेले आणि शहरातले शेकडो लोक गेले. सिमल्याच्या भूकंपमापकाने स्फोटाची नोंद केली. त्या जवानांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो, शाळांतून घोषवाक्यांच्या स्पर्धा घेतो. धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या अधिकाऱ्यांपैकी निर्णय कोणाचा होता, या प्रश्नावर मात्र स्पर्धा होत नाही.

या भूमिकेवर आक्षेप येतात, आणि त्यांतला एक वजनदार आहे. हलके आधी. ताबेदारावर सगळी जबाबदारी टाकली तर बंदरे धोकादायक माल घेणारच नाहीत, असे म्हटले जाते. पण बंदर हा माल उपकार म्हणून घेत नाही; त्याचे भाडे आणि विलंबशुल्क घेते, आणि हे शुल्क चढत चढत मालाच्या किमतीपलीकडे गेले की आयातदार पाठ फिरवतो. ज्या पैशासाठी माल ठेवला जातो, त्या पैशाबरोबर जोखीमही येते. दिल्लीच्या ओलियम वायुगळतीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ च्या निकालात धोकादायक उद्योगाचे दायित्व निरपवाद आणि दुसऱ्यावर न ढकलता येणारे ठरवले. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा अधिनियमात ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत अपघाताच्या वेळी ज्याचे मालावर नियंत्रण होते तोही येतो. तत्त्व आहे. ते बंदराच्या फाटकापाशी येऊन का थबकते, याचे उत्तर कोणी तरी द्यावे. (मूळ अधिनियमात मृत्यूसाठी ठरवलेली तात्काळ मदत २५,००० रुपये होती. या आकड्यावर भाष्य करण्याची गरज नाही.)

वजनदार आक्षेप असा: विकायचे म्हटले तरी घेणार कोण? हे खरे आहे, आणि विकण्याची सगळी व्यवस्था इथेच कोसळते. लिलावाचा कायदा असे गृहीत धरतो की प्रत्येक वस्तूला किंमत असते आणि ती शून्याहून अधिक असते. तेरा वर्षे गंजलेल्या क्लोरीन सिलिंडराची किंमत ऋण आहे. तो कोणी नेण्यासाठी आपल्यालाच पैसे मोजावे लागतील. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलायला २०२५ चा जानेवारी उजाडला, म्हणजे चाळीस वर्षे लागली, कारण ऋण किंमतीच्या वस्तूचा दावेदार कधीच पुढे येत नाही. अशा वस्तू जबरदस्तीने लिलावात ढकलल्या तर काय होते, हेही २०१० मध्येच दिसले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात १९८५ पासून न वापरलेले गॅमा किरणांचे एक उपकरण होते. ते फेब्रुवारी २०१० मध्ये भंगार म्हणून लिलावात गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडले गेले, आतला कोबाल्ट-६० उघडा पडला, अनेकांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. एका नामवंत विद्यापीठाचा विज्ञान विभाग, ज्याला कोबाल्ट-६० म्हणजे काय हे शिकवण्यासाठीच पगार मिळतो, त्याच्या हातून हे घडले. तेव्हा वैज्ञानिकांनी बंदरातल्या कारकुनाकडे बोट दाखवण्याआधी आपापल्या महाविद्यालयाचे रसायनांचे कपाट उघडून पाहावे. सुकलेले पिक्रिक आम्ल आणि कधी उघडली हे कोणालाच आठवत नाही अशी ईथरची बाटली तिथे असण्याची शक्यता बरीच आहे.

ऋण किंमतीवर उपाय अगदी घरगुती आहे. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर घरी येतो तेव्हा त्याची अनामत आधीच भरलेली असते. धोकादायक मालाच्या आयातीवर, तो जहाजातून उतरण्याआधी, त्याची विल्हेवाट लावण्याच्या खर्चाएवढी अनामत घ्यावी. आयातदाराने माल वेळेत नेला तर ती परत मिळेल, नाही नेला तर त्याच पैशातून माल निर्विष केला जाईल. क्लोरीन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात निष्प्रभ करणे ही काही अग्निबाणविद्या नव्हे. आयातदाराच्या खर्चाने विल्हेवाट हे तत्त्व आपल्याकडे नवेही नाही: न्हावा शेवा बंदरात वंगणतेल म्हणून आलेले आणि प्रत्यक्षात घातक टाकाऊ तेल निघालेले १३३ कंटेनर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आयातदारांच्याच खर्चाने जाळून नष्ट करायला लावले. जे न्यायालयाला खटल्यानंतर करावे लागले, ते नियमाला खटल्याआधी करता येईल.

बैरूतनंतर अमोनियम नायट्रेटच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा झाल्या: आयात सुट्या ढिगाने न करता गोणीबंद हवी, बंदरातून माल बंदराच्या हद्दीबाहेर ५०० मीटरच्या पलीकडच्या गोदामात हलवावा, जप्त मालाचा लिलाव लवकर व्हावा. या सुधारणा चांगल्या आहेत आणि त्यांचे स्वागत केलेच पाहिजे. पण त्या एका पदार्थापुरत्या आहेत, आणि तो पदार्थ म्हणजे जो नुकताच दूरचित्रवाणीवर फुटला होता. पुढचा स्फोट त्याच पदार्थाचा होईल असा करार निसर्गाने केलेला नाही. उच्च तीव्रतेच्या ब्लीचिंग पावडरीचे उदाहरण पुरेसे आहे. ती साठ्यात आपोआप तापत जाते. ढिगाची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली की उष्णता निर्माण करणारे घनफळ आठपट होते, ती बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र चौपटच होतो. छोट्या डब्यात निर्धोक असलेली वस्तू भरलेल्या कंटेनरात धोकादायक का ठरते, ते या गणितात आहे. कोणत्याही बंदराला पदार्थांची यादी पाठ करून हे हाताळता येणार नाही. त्यासाठी प्रत्येक धोकादायक कंटेनरामागे एका नावाच्या माणसाची सही हवी आणि सहीखाली तारीख हवी: अमुक दिवशी उतरला, अमुक दिवसापर्यंत तपासला, अमुक दिवशी निकालात निघाला पाहिजे. मुदत वाढवायची असेल तर वाढवणाऱ्याची सही. स्फोटके आणि दाबाखालील वायूंच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, म्हणजे पेसोचे, मुख्यालय आपल्याच नागपूरला आहे. तपासणीचे शास्त्र आणि माणसे या देशाकडे आहेत. नसेल तर ती फक्त सही.

तोवर एक काम कोणालाही करता येईल. आपल्या जवळच्या बंदराच्या जन माहिती अधिकाऱ्याला माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून विचारावे: नव्वद दिवसांहून अधिक काळ ताब्यात असलेल्या धोकादायक मालाचे कंटेनर आणि सिलिंडर किती, त्यांतला पदार्थ कोणता, ते कोणत्या तारखेला उतरले, त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली, आणि मुदत वाढवण्याच्या आदेशावर सही कोणत्या पदावरील अधिकाऱ्याची आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी हेच प्रश्न आपल्या शहरातल्या कंटेनर डेपोबाबत विचारावेत. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. माहिती एखाद्याच्या जीविताशी निगडित असेल, तर अठ्ठेचाळीस तासांची. जीविताचा मुद्दा अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहावा, आणि कारण म्हणून १४ जुलै २०१० ही तारीख द्यावी. केंद्राच्या अखत्यारीतील बंदरांसाठी अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे.